वाटून घेतलेली नाटकं

नाट्यमहोत्सवाचं पत्रक हातात पडलं की कंट्रोलरबाईंच्या अंगात संचारायचं. जेवणाच्या टेबलावरच्या बरण्या, पाण्याचा जग, सासऱ्यांचा चष्मा, लेकीची पुस्तकं या सगळ्यांची उचलबांगडी व्हायची. टेबल लख्ख पुसलं जायचं, त्यावर ते लांबलचक घड्यांचं पत्रक अंथरलं जायचं आणि बाई दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या राहायच्या. "आता सगळ्यांनी ऐका," त्या म्हणायच्या, "आणि मधे मधे बोलू नका." मधे बोलायची तशीही कुणाची छाती नव्हती.

बाई बस डेपोत ड्युट्या लावायच्या. कोणता ड्रायव्हर कोणत्या मार्गावर, कोणता कंडक्टर कोणाबरोबर, कोण आजारी आहे आणि कोण नुसताच खोकतोय, हे सगळं त्यांना तोंडपाठ. सकाळी त्या खिडकीत बसल्या की भलेभले दांडगे ड्रायव्हर खिडकीसमोर गरीब गाय व्हायचे. "बाई, आज नदीपलीकडची गाडी नको," असं कुणी म्हटलंच, तर बाई मान वर न करता म्हणायच्या, "मलाही आज ऑफिस नको होतं." विषय संपला. डेपोत त्यांना कंट्रोलर म्हणत. ते नाव एकदा त्यांच्या मागोमाग घरी आलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं. नवरा औषधांच्या दुकानात होता, दिवसभर लोकांच्या चिठ्ठ्या वाचून गोळ्या काढून देणारा शांत माणूस. तोही शेजाऱ्यांना सांगायचा, "थांबा, कंट्रोलरला विचारून सांगतो."

महोत्सव आठवडाभर चालायचा आणि गावातल्या चार नाट्यगृहांत एकाच वेळी चार नाटकं लागायची, शिवाय दुपारी एखादं. बाकीची घरं काय करत? एक नाटक निवडत, आणि मग दुसऱ्याने बघितलेलंच चांगलं होतं म्हणून वर्षभर हळहळत. बाईंना हे असलं हळहळणं मान्य नव्हतं. गाडी सुटली हे वाक्य त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी कधी वापरलं नव्हतं. म्हणून त्यांनी फार पूर्वीच तोड काढली होती. घरातल्या प्रत्येकाने वेगळ्या नाट्यगृहात जायचं, आपापलं नाटक बघायचं आणि रात्रीच्या जेवणाला ते बाकीच्यांना सांगायचं. नुसतं बरं होतं, वाईट होतं असं नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत, कोण कुठून आला, काय म्हणाला, का रडला, सगळं. अशा रीतीने आठवडा संपेपर्यंत अख्ख्या घराने अख्खा महोत्सव बघितलेला असायचा. ज्या नाटकाला घरातलं एकच माणूस गेलं होतं, त्याच्यावरून या घरात अबोले झाले होते. लेक तर एका लंगड्या राजाची इतकी हुबेहूब नक्कल करायची की पाहुण्यांना वाटायचं ती पहिल्या रांगेत बसली असणार. तो राजा तिने नव्हे, तिच्या बाबांनी बघितला होता.

या प्रकाराला एकच कायदा होता. एकाने सांगितलेलं नाटक दुसऱ्याने जाऊन बघायचं नाही. त्याचं झालं असं, की एका वर्षी नवऱ्याने एक नाटक इतकं रंगवून सांगितलं की लेकीला राहवलं नाही. ती दुसऱ्या दिवशी जाऊन बघून आली आणि भर जेवणात म्हणाली, "बाबांनी निम्मं मनचं घातलंय. त्यात खून नाहीच आहे!" नवऱ्याला ते इतकं लागलं की उरलेला आठवडा तो "ठीक होतं" एवढंच म्हणत राहिला, आणि घराची चार नाटकं बुडाली. तेव्हापासून बाईंनी फर्मान काढलं. सांगितलं ते सांगितलं, तपासायला जायचं नाही.

तर यंदाचं पत्रक टेबलावर पसरलं होतं आणि बाईंच्या हातात पेन्सिल होती.

"बाबा, तुम्हाला तीन अंकी," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. सासरे मधल्या अंकात झोपत, त्यामुळे त्यांच्याकडून ऐकताना तीन अंकी नाटक बेताच्या लांबीचं होऊन यायचं.

"खुर्ची मऊ असलेलं बघ," सासरे म्हणाले.

"खुर्ची मऊच आहे, तोच तर घोटाळा आहे. अहो, तुम्ही जुन्या सिनेमागृहात. घरातली भांडणं, मृत्युपत्र, हरवलेला भाऊ, असं काहीतरी आहे. तुम्हाला जमेल. आणि तू," त्या लेकीकडे वळल्या, "गोदामात. तिथे बसायला खुर्च्या नाहीत, प्रेक्षकांनी पण फिरायचं आहे म्हणे. ते मला कळणार नाही आणि माझे गुडघेही चालणार नाहीत."

"आणि तू, आई?"

"मी मोठ्या नाट्यगृहात. ती जबाबदारी कुणावर ढकलता येत नाही."

सगळे हसले. मोठ्या नाट्यगृहातलं चांगलं नाटक, मधली रांग, कडेची खुर्ची, ही जबाबदारी बाईंनी आजवर कधीही कुणावर ढकलली नव्हती.

"उरलं काय मग?" नवऱ्याने विचारलं.

"दुपारची उरली. ती आत्याला."

आत्या म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. लेक तिला आत्या म्हणायची आणि लेकीचं ऐकून सगळं घरच तिला आत्या म्हणू लागलं. तिचा सख्खा भाऊही आत्या म्हणायचा, आणि जन्म देणारे वडीलसुद्धा. ती पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होती. शहरात ठिकठिकाणच्या नळांचं पाणी बाटल्यांतून तिच्या टेबलावर यायचं, आणि ते पिण्याजोगं आहे की नाही हे ती सांगायची. नाटकही ती तशीच सांगायची, पाण्याच्या नमुन्यासारखं. "एक माणूस असतो. त्याची बायको जाते. शेवटी परत येते. बरं होतं." झालं. घासभर भात संपायच्या आत आत्याचं नाटक संपलेलं असायचं. त्यामुळे चांगलं नाटक तिच्यावर वाया घालवायचं नाही, असा बाईंचा हिशेब होता. आत्यानेही कधी तक्रार केली नव्हती. तिचा पलंग मधल्या खोलीत होता. मधली खोली म्हणजे स्वयंपाकघरातून न्हाणीघराकडे आणि बैठकीतून गॅलरीकडे, म्हणजे बाहेरच्या जिन्याकडे, जायचा रस्ता. दोन्ही बाजूंना दारं होती, पण ती इतकी वर्षं उघडी होती की आता लागतच नव्हती.

या महोत्सवाच्या थोडं आधी आत्याच्या खात्याने तिला विचारलं होतं. लांब, धरणाच्या काठी नवी प्रयोगशाळा सुरू होत होती. ती चालवायची होती, मुख्य म्हणून. राहायला जागा तिथेच. महोत्सव संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना होय की नाही ते सांगायचं होतं. आत्याने हे जेवताना घरात सांगितलं, तेही नमुन्यासारखंच, दोन वाक्यांत. त्यावर बाई पोळी वाढता वाढता म्हणाल्या होत्या, "आत्या कसली जातेय! तिला तर बस लागते." सगळे खळखळून हसले. आत्याही हसली आणि तिने उठून पाण्याचा जग भरून आणला. तिथे तो विषय मिटला. तिला जायचंय का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

बाईंच्या बाजूनेही बोलायला हवं. त्या काही दुष्ट नव्हत्या. पण उजाडायच्या आत त्या डेपोत जायला निघत, आणि त्यानंतर सासऱ्यांच्या डोळ्यांत औषध घालणं, लेकीला हाका मारमारून उठवणं, नळ दुरुस्तीवाला आला तर त्याच्या डोक्यावर उभं राहणं, ही सगळी कामं आत्याकडे असायची. ही ड्युटी तिला कुणी लावली नव्हती. ती आपोआप लागली होती, आणि आपोआप लागलेल्या ड्युट्या बदलायचं बाईंना कधी सुचलं नव्हतं.

महोत्सव सुरू झाला. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी एका न्यायाधीशाचं नाटक सांगितलं. त्यात न्यायाधीश अचानक म्हातारा कसा झाला, हे त्यांना स्वतःलाच कळलं नव्हतं. लेकीने गोदामात तिच्या हातात एका नटाने कोबी कसा दिला ते सांगितलं. "तो कोबी म्हणजे काय?" सासऱ्यांनी विचारलं. "कोबी म्हणजे कोबीच, आजोबा." यावरून बराच खल झाला. नवऱ्याने मृत्युपत्र इतकं झकास वाचून दाखवलं की बाईंनी त्याला न मागता दुसऱ्यांदा भाजी वाढली.

आणि मग आत्याची पाळी आली. तिच्या नाटकाचं नाव होतं 'मधला जिना'.

"हं, आटप," नवरा म्हणाला, "म्हणजे आंबे कापता येतील."

"एक घर असतं," आत्या म्हणाली. "त्या घराचा जिना एका खोलीतून जातो."

"खोलीतून?"

"हो. खालच्यांना वर जायचं, वरच्यांना खाली यायचं, तर त्या खोलीतूनच. आणि त्या खोलीत एक बाई राहते."

एवढ्यावर ती नेहमीप्रमाणे 'बरं होतं' म्हणून थांबेल असं सगळ्यांना वाटलं. पण ती थांबली नाही. तिने ताट थोडं पुढे सरकवलं.

"माणसं चांगली असतात. तिला कुणी वावगं बोलत नाही. उलट जाता-येता विचारतात, 'काय, बरी आहेस ना?' आणि तिचं उत्तर येईपर्यंत ती वर पोचलेली असतात."

"मग ती काय करते?" लेकीने विचारलं.

"उत्तर देते. जिन्याला."

लेक हसली, मग हसायची थांबली. सासऱ्यांनी चष्मा लावला. त्यांना ऐकायला चष्मा लागायचा. आत्या सांगत होती. त्या बाईला पावलांवरून माणसं कशी ओळखू यायची, कुणाचा राग जिन्यावर कसा वाजायचा, कुणाचा पगार झालाय ते टाचांवरून कसं कळायचं. कुणाची छत्री राहिली, कुणाचा डबा राहिला, ते ती हातात घेऊन उभी असायची. येणारा ते घ्यायचा आणि पुढे जायचा. एकदा ती आजारी पडली, तर सगळे तिच्या पलंगाला वळसा घालून अगदी हलक्या पावलांनी जात होते. बघा, किती काळजी घेतात, असं तिला वाटलं. पण थांबलं कुणीच नाही. हे सांगताना आत्याचा आवाज जराही चढला नव्हता, आणि म्हणूनच बाईंच्या हातातली सुरी आंब्यावर तशीच थांबली होती.

"मग तिला दुसरीकडे एक खोली मिळते," आत्या म्हणाली. "डोंगरावर. लहानच. पण तिला एकच दार असतं. आत येणारा माणूस तिच्याकडेच आलेला असणार."

"आणि?"

"ती बॅग घेऊन उभी राहते. वरून हाक येते, खालूनही हाक येते. पडदा."

"म्हणजे? गेली की नाही?" नवरा जवळजवळ ओरडलाच.

"ते दाखवलं नाही."

"हा काय चावटपणा आहे! मला विचाराल तर नाही गेली. अशा बायका जात नाहीत."

"वरती कुणी म्हातारं माणूस होतं का?" सासऱ्यांनी विचारलं.

"होतं."

"मग ते काय म्हणालं?"

"ते झोपलं होतं."

सगळे हसले, सासरेही हसले. पण बाई हसल्या नाहीत. त्यांचा पारा चढला होता. त्यांनी सुरी टेबलावर आपटली.

"जायलाच हवं तिने! इतकी वर्षं जिन्यात बसून राहिली, मूर्ख बाई! वरच्यांना पाय आहेत, खालच्यांना पाय आहेत, कुणाचं काय अडलंय? मी तिथे असते ना, तर पहिल्या गाडीत बसवून दिलं असतं. आणि तिला थांबवणाऱ्यांना आधी माझ्यासमोर उभं केलं असतं."

"त्यांनी थांबवलं नव्हतं, वहिनी," आत्या म्हणाली. "त्यांनी विचारलंच नव्हतं."

"ते तर त्याहून वाईट!"

आत्याने त्यांच्याकडे क्षणभर बघितलं. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण तेवढ्यात सासऱ्यांनी आंब्याची फोड मागितली आणि ती द्यायला ती उठली.

पुढचे दोन-तीन दिवस बाईंच्या डोक्यातून ती जिन्यातली बाई जाईना. त्यांनी ती डेपोतल्या बायकांना सांगितली. खिडकीत उभ्या असलेल्या एका ड्रायव्हरला सांगितली, त्याने बिचाऱ्याने फक्त सुट्टी मागितली होती. आत्याला इतकं सांगता येतं, मग इतकी वर्षं आपण तिला दुपारची नाटकं का देत होतो, असंही त्यांच्या मनात आलं. पुढच्या वर्षी तिला मोठ्या नाट्यगृहात पाठवायचं, त्यांनी ठरवूनही टाकलं. स्वतःच्या या उदारपणाने त्यांना बरं वाटलं.

शेवटच्या दिवशी त्या मोठ्या नाट्यगृहात आपल्या कडेच्या खुर्चीत बसल्या, तर पडद्यासमोर एक संयोजक हात जोडून आला. परगावच्या मंडळींचा नेपथ्याचा ट्रक वाटेत बंद पडला होता, त्यामुळे आजचं नाटक होणार नव्हतं. "दुसरी गाडी का नाही ठेवली?" बाई बसल्या जागेवरून कडाडल्या. चार-पाच डोकी वळली. संयोजकाने त्यांच्याकडे न बघता पुढचं सांगितलं, की रसिकांच्या आग्रहास्तव त्याऐवजी 'मधला जिना' पुन्हा सादर होईल.

बाई उठल्या. कायदा त्यांचाच होता. मग त्या पुन्हा बसल्या. नाटक त्या बघायला आल्या नव्हत्या, नाटकच त्यांच्यासमोर आलं होतं, हा मुद्दा कुणालाही खोडता आला नसता. आणि खरं सांगायचं तर त्यांना त्या बाईला डोळ्यांनी बघायचं होतं.

"जिना खोलीतून जातो बघा," त्यांनी शेजारच्या टोपीवाल्या गृहस्थांना आधीच सांगून ठेवलं. "रडू येईल. रुमाल आहे ना?"

पडदा वर गेला. जिना होता. जिन्याच्या वळणावर एक भलंमोठं लाकडी कपाट अडकलं होतं, आणि त्याच्या वरच्या बाजूला एक हमाल आणि खालच्या बाजूला एक हमाल. ते कपाट खाली उतरवायचं होतं आणि ते ना वर जात होतं, ना खाली येत होतं. दोघं भांडू लागले आणि नाट्यगृह हसू लागलं.

"ही सुरुवात आहे," बाईंनी गृहस्थांना समजावलं. "आता बाई येईल."

बाई आली नाही. हमालांनी कपाट तिरकं केलं, आडवं केलं, त्याला शिव्या घातल्या, त्याला टेकून डबे खाल्ले. एक जण कपाटाच्या आत जाऊन रुसून बसला. लोक हसून हसून खुर्च्यांत लोळत होते आणि बाई मान उंचावून जिन्याच्या वरच्या टोकाकडे बघत होत्या. मध्यंतर झालं.

"अहो, ती बाई कधी येते?" त्यांनी विचारलं.

"कोण बाई?" गृहस्थ म्हणाले. त्यांनी हातातला कागद पुढे केला. "दोघंच आहेत नाटकात. मी दुसऱ्यांदा बघतोय."

बाईंनी चहा घेतला आणि तो हातात तसाच निवला. आधी त्यांना राग आला. खोटं! आपल्या टेबलावर बसून, आपल्या घरात, धादांत खोटं! मग त्यांना ती छत्री आठवली. पावसाळ्यात सकाळी त्या डेपोला निघायच्या तेव्हा मधल्या खोलीतून जाताना अंधारातून आवाज यायचा, "वहिनी, छत्री." हातही पुढे आलेला असायचा. त्या छत्री घ्यायच्या, "बरी आहेस ना?" म्हणायच्या आणि उत्तर यायच्या आत जिना उतरायला लागायच्या. रोज. मग त्यांना आठवलं, आपण सुरी आपटून काय म्हणालो ते. तिला थांबवणाऱ्यांना माझ्यासमोर उभं केलं असतं. बाईंना इतकी लाज वाटली की त्यांनी चहाचा कप खुर्चीखाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. शेजारच्या गृहस्थांना वाटलं, आता रडू आलं वाटतं. त्यांनी भलेपणाने रुमाल पुढे केला.

दुसऱ्या अंकातलं बाईंनी फारसं काही बघितलं नाही. शेवटी त्या दोघांनी कपाट उलटं केलं, पाय वर आणि माथा खाली, आणि ते सुळकन उतरलं, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं.

परतीच्या बसचा ड्रायव्हर त्यांच्याच डेपोतला. "काय बाई, आजचं नाटक कसं होतं?" त्याने आरशातून विचारलं. बाई म्हणाल्या, "गाडी चालव." आणि खिडकीशी बसल्या. बाहेर दुकानांची शटरं खाली येत होती, बाजारातून पिशव्या सांभाळत माणसं घरी निघाली होती. उद्या सकाळी आत्या प्रयोगशाळेत जाणार आणि नाही म्हणणार. कुणी विचारलेलं नव्हतं, म्हणजे उत्तर नाहीच होतं. आपण गप्प बसलो, तर कुणालाही काही कळायचं नाही. बाबांच्या डोळ्यांत औषध वेळेवर पडेल, लेक वेळेवर उठेल, अंधारातून छत्री पुढे येईल. नुसतं गप्प बसायचं होतं. कायदाही तेच सांगत होता. सांगितलं ते सांगितलं.

आणि ती गेली तर? मधली खोली नुसता रस्ता होऊन जाईल. आपलं त्या मुलीवर प्रेम आहे, हे त्यांना तेव्हा, भर बसमध्ये, दोन भाजीवाल्यांच्या शेजारी बसून कळलं. गरज वेगळी आणि प्रेम वेगळं, आणि आजवर आपण एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेत होतो, हेही कळलं. स्टॉप आला तेव्हा त्या नेहमीसारख्या ताठ उतरल्या.

घरी ताटं मांडली होती. सासऱ्यांनी, नवऱ्याने, लेकीने आपापली नाटकं सांगून टाकली. शेवटचा मान बाईंचा, दरवर्षीसारखा. आत्या पाण्याचा जग घेऊन उभी होती.

"ट्रक बंद पडला," बाई म्हणाल्या. "माझं नाटक झालं नाही. त्याऐवजी 'मधला जिना' झाला."

जग हिंदकळला. थोडं पाणी टेबलावर सांडलं.

"आई! कायदा!" लेक ओरडली.

"कायदा मी केलाय, मला माहीत आहे. मी उठून गेले नाही एवढंच."

"मरू दे तो कायदा," सासरे म्हणाले. चष्मा त्यांनी आधीच लावला होता. "बघितलंस ना? मग आता सांग. ही म्हणते शेवट दाखवला नाही. काय होतं शेवटी?"

बाईंनी आत्याकडे बघितलं. आत्या त्यांच्याकडे बघत नव्हती. ती सांडलेल्या पाण्याकडे बघत होती.

"आत्याने सांगितलं ते सगळं खरं आहे," बाई म्हणाल्या. "शब्दन्‌शब्द. फक्त शेवट तिच्याकडून सुटला. दुपारचं नाटक, डुलकी लागली असेल. ती जाते."

"जाते?" नवरा म्हणाला.

"जाते. डोंगरावर."

"आणि घरातली माणसं? त्यांचं कसं होतं?"

"चांगलं धडधाकट होतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत त्याचा मुलगा औषध घालतो, दिवसभर औषधंच हाताळतो तो. पोरगी गजर लावून उठते. दोन दिवस उशीर होतो, तिसऱ्या दिवशी सवय होते. त्यांची ड्युटी लावून देणारी एक बाई असते त्या घरात."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि या खेपेला तो लावून आपल्या मुलीकडे बघितलं. नवरा घास हातात धरून एकदा बायकोकडे, एकदा बहिणीकडे बघत राहिला. लेकीने सावकाश हात लांबवून आत्याच्या हातातला जग काढून घेतला.

"वहिनी," आत्या म्हणाली. "ती जाते तेव्हा... कुणी रागावतं का?"

"रागावतं ना. तिची वहिनी रागावते. चांगली फणफणते, जिन्यात बसून रडते. मग उठते." बाईंनी नाक पुसलं. "तिचं कपाट उतरवायला तीच खालच्या बाजूला उभी राहते. वळणावर अडकतं ते जरा. उलटं केलं की उतरतं."

आत्याने पहिल्यांदा वर बघितलं. ते कपाट या घरात दोघींनीच पाहिलं होतं.

"बस, आत्या," बाई म्हणाल्या. त्यांनी पाय लांबवून शेजारची खुर्ची मागे ढकलली. "बस, आणि आता तू सांग. तुला जायचंय का?"

आत्या बसली. तिला उत्तर द्यायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ टेबलावरून कुणीही उठलं नाही.